मनकर्णाबाईची पाखरं

तळेगावात मनकर्णाबाईच्या गोफणीला तोड नव्हती. लग्न होऊन आली तेव्हापासून चाळीस हिवाळे ती मचाणावर उभी राहून ज्वारीवरची पाखरं हाकत आली. तिची "हाऽऽ हुर्र!" ऐकून म्हणे पलीकडच्या शिवारातलीही पाखरं उडायची. तिचा नवरा महादेवराव मात्र ज्वारी कापताना बांधाकडची एक ओळ तशीच सोडायचा. "हे त्यायचं," म्हणायचा. थंडीभर चिमण्या ती कणसं खात आणि अंगणातल्या कडब्याच्या गंजीत ऊब धरून झोपत. उजाडताना गंजी नुसती कलकलायची आणि त्या कलकलाटात दोघांचा चहा व्हायचा. काय सुखाचे दिवस होते ते!

महादेवराव गेला छप्पनच्या उन्हाळ्यात. त्याच साली मुलानं, रूपरावानं, सगळ्या वावरात कपाशी लावली. होता तो कडबा बैलांनी पावसाळ्यातच संपवला. हिवाळा आला तेव्हा ना कणसं होती, ना गंजी. चिमण्या तरी कशाला येतात? अंगण मुकं झालं आणि मनकर्णाबाईला ते सोसवेना. धनी गेले ते गेले, निदान त्यांची पाखरं तरी यावीत, एवढाच तिनं ध्यास घेतला.

शेजारच्या रुख्माबाईकडून तिनं कणसांची जुडी मागून आणली आणि वळचणीला टांगली. बाजूला फुटकं गाडगं गवत भरून बांधलं. आठ दिवस कुणी फिरकलं नाही.

"माय, थंडीत काऊन बसून राह्यली?" रूपराव चिडला. "येत नाई ते आता."

"येतीन. तू तुह्यं काम कर."

नवव्या सकाळी पाच चिमण्या आल्या. एकीनं कणसाला चोच लावली मात्र, मनकर्णाबाईच्या तोंडून खणखणीत निघालं, "हाऽऽ हुर्र!"

चिमण्या भुर्र! जन्माची खोड, दुसरं काय! म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती पदराचा बोळा तोंडात कोंबून बसली. ऊन वर आलं तशा चिमण्या आल्या, पाचाच्या आठ झाल्या. एक तर सरळ गाडग्यात शिरली. मनकर्णाबाईला इतका आनंद झाला की नवऱ्याला दाखवायला तिनं झटकन शेजारी वळून पाहिलं.

शेजारी कुणी नव्हतं. तिनं बोळा आणखी घट्ट दाबून धरला, नाही तर तिचा हुंदका ऐकून चिमण्या उडाल्या असत्या.