जिथे दोर संपतो

एकोणीसशे एक्क्याण्णव साल. वैमानिक घडवणाऱ्या आमच्या संस्थेत नवा सिम्युलेटर आला आणि त्याच्या मागोमाग अधांतरी महाराज आले.

सिम्युलेटर म्हणजे पोलादी पायांवर उभी, विमानासारखी हेलकावणारी, बिनखिडक्यांची खोली. आत हुबेहूब कॉकपिट, समोर पडद्यावर आभाळ. आत जायला छोटा पूल. तो उचलला की खाली येईपर्यंत कुणाला बाहेर पडता यायचं नाही.

मी तिथे टायपिस्ट होते. उद्घाटनाला एवढी गर्दी, की आतलं दृश्य बाहेर टीव्हीवर दाखवावं लागलं. संस्थेचे साहेब महाराजांचे भक्त. "जन्मात विमानाला हात लावला नाही," असं सांगत महाराज डाव्या खुर्चीत बसले. बाजूची दांडी कलती केली, विमान कुशीवर झुकलं, आणि महाराजांनी दांडी सोडून हात जोडले. विमान तसंच झुकलेलं राहिलं! नाक खाली नाही, उंची कमी नाही. मग दांडी पार मागे ओढली. नाक वर, वेग कमी, तरी विमान कोसळेना.

"जिथे दोर संपतो, तिथे मी सुरू होतो!" महाराज गरजले.

बाहेर टीव्हीसमोर बसलेल्या माझ्या वडिलांच्या, आबांच्या, डोळ्यांत पाणी आलं. मेकॅनिक म्हणून त्यांची हयात विमानाचे पोलादी दोर ताणण्यात गेली होती. जुन्या विमानात दांडीपासून पंखांपर्यंत दोर जायचा. वळणावर हात ढिला पडला की नाक झुकलंच. नव्या विमानात दोरच नाही, मग धरतं कोण? ज्याला काहीच कळत नव्हतं तो टाळ्या वाजवून घरी गेला. आबांना अर्धं कळत होतं, म्हणून ते पक्के अडकले.

आणि त्यांच्याबरोबर आम्हीही. आबांच्या हृदयाची झडप निकामी झाली होती, शस्त्रक्रियेचा दिवस ठरला होता. महाराजांनी जुन्या दोराचा तुकडा वाकवून त्यांच्या मनगटात घातला. "शस्त्र लावून घेऊ नकोस. विमान पेलतो मी, तुझं काळीज पेलणार नाही?"

वरच्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्या आबांचा पिंजरा झाल्या. जिना उतरवत नव्हता. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून उशांना टेकून बसल्याबसल्याच डुलकी घ्यायचे.

"आबा, डॉक्टर काय म्हणाले ते ऐका तरी!"

"तू कागद बडव. विमानातलं मला शिकवू नकोस. डोळ्यांनी पाहिलंय मी."

माझी वहिनी त्याच सिम्युलेटरवर वैमानिकांना शिकवायची. स्वयंपाकघरात ती हळूच म्हणाली, "अगं, त्या बुवाने बसल्याबसल्या कोपर टेकायची पट्टी आपल्या उंचीला लावली, तीही न बघता. विमानाला हात न लावलेल्याला ती पट्टी हलते हे तरी ठाऊक असतं का?"

"मग सांग ना आबांना!"

"डोळ्यांनी अडकलेत ते, डोळ्यांनीच सुटतील. साहेब मला काढतील फार तर."

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तिने महाराजांना नम्रपणे विनवलं, आबांना जवळून दर्शन द्या म्हणून. महाराज फुगले. आबांना खुर्चीतून उचलून आणलं. आत महाराज, साहेब, आबा, मी, आणि सगळ्यांच्या मागे शिकवणाऱ्याच्या बटणांपाशी वहिनी. आबांसाठी तिने खोलीचे हेलकावे बंद ठेवले होते. पूल वर गेला.

महाराजांनी विमान झुकवलं, हात जोडले, डोळे मिटले. वहिनीने मागे बटणं दाबली.

नाक झुकलं. कल वाढत गेला. महाराजांनी एक डोळा उघडला, मग दोन्ही. जोडलेले हात सुटले, दांडी गच्च धरून मागे खेचली. धोक्याचा भोंगा किंचाळू लागला.

"पूल खाली घ्या!"

"घेते की. आधी विमान धरा, महाराज. दोर संपलाय, सुरू व्हा."

"नाक खाली कर, गाढवा! खेचतोस काय?" आबा ओरडले.

जमीन वर आली आणि पडदा लाल झाला.

वहिनीने भोंगा बंद केला. "आबा, मी फक्त कॉम्प्युटरचं सांभाळणं बंद केलं, दांडी हलवाल तेवढंच पुढे पोचत होतं. ही दांडी पंखांना हात लावत नाही. वैमानिकाला काय हवंय ते विजेच्या तारांमधून कॉम्प्युटरना कळवते. ते वेग, कल, उंची बघतात आणि तेलाच्या दाबावर चालणाऱ्या दट्ट्यांना हुकूम देतात. पंखांची पाती ते दट्टे हलवतात. दांडी सोडली म्हणजे 'आहे तसं ठेव.' फार ओढली तर कॉम्प्युटर म्हणतात, 'इथवरच, पुढे विमान पडेल.' एक बिघडला तर दुसरा सांभाळतो. आज मी सगळ्यांना गप्प केलं, तर महाराजही गप्प झाले."

तिने सगळं पुन्हा चालू केलं आणि मला खुर्चीत बसवलं. मला सायकलसुद्धा धड येत नव्हती. दांडी कलती केली, सोडली. विमान शांतपणे झुकलेलं राहिलं.

आबा माझ्या रिकाम्या हातांकडे बघत राहिले.

"श्रद्धा नसेल तिथे..." महाराजांनी सुरू केलं.

"होती की," आबा म्हणाले. "माझी होती." मग मनगट माझ्यापुढे धरलं. "काढ हे."

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. आबा पुढे बारा वर्षं जगले, जिना चढत-उतरत, नातवंडांवर ओरडत. साहेबांनी वहिनीला काढलं नाही, पण तिच्या नजरेला नजर कधी दिली नाही. महाराज वैमानिकाच्या परीक्षेत दोनदा नापास झालेले निघाले. दूर कुठेतरी ते आता आगगाड्या थांबवतात म्हणे, बहुधा स्टेशनातच. वहिनी निवृत्त होऊन भाज्या लावते. दोराचा तुकडा माझ्याकडे आहे. खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून अडकवते. तेवढं काम तो चोख करतो.

मुलांनो, नवल वाटणं वाईट नाही. मला अजून प्रत्येक विमानाचं वाटतं. पण हात जोडण्याआधी विचारा, धरतंय कोण? आणि जो सांगेल 'मी', त्याला म्हणा, पुन्हा दाखवा, फक्त या वेळी बटणांपाशी आम्ही बसू.