थोरल्या बाईंची गझल

साठी उलटली तरी चिमीला सगळे चिमीच म्हणत. तेवीस वर्षांची असताना ती एका संगीतकाराकडे, मास्तरांकडे, चाचणीची गाणी म्हणायला जायची. नवी चाल बसली की वादकांबरोबर तिने गायचं, ते ध्वनिमुद्रित व्हायचं, आणि मग थोरल्या बाई येऊन त्या जागी आपला आवाज भरायच्या. चिमीचा पुसला जायचा. तिला त्यात काही वावगं वाटत नसे. थोरल्या बाईंच्या नुसत्या नावावर चित्रपट चालायचे.

एका गझलेच्या वेळी मात्र बाईंचा घसा बसला. तीन दिवस त्या स्टुडिओत आल्या, गरम पाणी पीत काचेपलीकडे उभ्या राहिल्या, पण वरच्या पट्टीत गेल्या की आवाज फाटायचा. चित्रपटाची तारीख तोंडावर आलेली. निर्मात्याने मास्तरांना बाजूला घेतलं. परत आले तेव्हा मास्तर चिमीच्या नजरेला नजर देईनात.

"तुझंच ठेवतोय," ते म्हणाले. "नाव तेवढं त्यांचं जाईल. पुढच्या चित्रपटात तुझं नाव मी स्वतः घालून घेतो."

"चालेल," चिमी म्हणाली. त्या वयात दुसरं काय सुचणार?

आठ महिन्यांत मास्तर हृदयविकाराने गेले. तोवर गझल घराघरात पोचली होती. चिमी काम मागायला गेली की संगीतकार मन लावून ऐकायचे आणि म्हणायचे, "आवाज गोड आहे, पण हुबेहूब थोरल्या बाईंचा. त्या असताना नक्कल कशाला घेऊ?" खरं सांगितलं असतं तर तिला वेड्यातच काढलं असतं.

मग ती गझलेच्या मैफली करू लागली. तबल्यावर नवरा. स्वतः बांधलेल्या चालींना लोक मनापासून दाद द्यायचे, पण मध्यंतरानंतर चिठ्ठी यायचीच: थोरल्या बाईंची ती गझल होऊ द्या. ती म्हणायची. एकदा एक गृहस्थ मुद्दाम पुढे येऊन सांगून गेले, "छानच हो. पण मूळ गाण्यातलं दुःख नाही उतरलं." नवऱ्याच्या हातात तबल्याची हातोडी होती, चिमीने त्याचं मनगट घट्ट धरलं. पुढे कित्येक वर्षं दोघं ते आठवून हसायचे. हसण्यावारी न्यायचं, नाहीतर करायचं काय?

लेकीला मात्र हसू येत नसे. वडील गेल्यावर तर तिने हट्टच धरला.

"खरं सांगू शकेल असं एकच माणूस उरलंय, आई. त्यांच्या तोंडून वदवून घेऊ. मी फोनवर टिपून ठेवते."

तिने बाईंच्या सुनेकडून वेळही मिळवली.

दार उघडताच सून दबक्या आवाजात म्हणाली, "फोनवर सांगायचं जिवावर आलं. आईंना आता काही आठवत नाही. परवा स्वतःच्या मुलाला विचारलं, आपण कोण? गाणं कानावर पडलं तर चार घास खातात, एवढंच."

थोरल्या बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. सुनेने वाटी-चमचा हातात घेतला आणि गझलेची पहिली ओळ गुणगुणली. तीच गझल. बाईंनी सूर उचलला, पण दुसऱ्या शेरापाशी अडकल्या. चिमीच्या तोंडून सवयीने पुढचा शब्द गेला.

बाईंनी हात वर केला. "तसं नाही पोरी. मी म्हटलंय तसं म्हण. एका दमात झालं होतं माझं. मास्तर रडले होते."

मास्तर रडले होते, हे खरंच होतं; पण चिमी गायली तेव्हा. चिमीने बाईंच्या चेहऱ्यावर खोटेपणा शोधला. तो नव्हता. या बाईंनी ती आठवण इतकी वर्षं मनात बाळगली होती, की ती आता त्यांचीच झाली होती.

"बाई, ते गाणं माझ्या आईने..." लेक पुढे सरसावली.

"राहू दे," चिमी म्हणाली.

आणि तिने गझल म्हटली. बाईंनी दोनदा थांबवून चूक दाखवली, दोनदा तिने ती सुधारली. तोवर वाटी रिकामी झाली.

जिन्यात लेक म्हणाली, "मला का थांबवलंस?"

"त्या खोटं बोलत असत्या, तर भांडले असते गं."

वरून सुनेने हाक मारली, "पुढच्या आठवड्यात याल का? किती दिवसांनी पोटभर जेवल्या."

नाही म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. "येते," चिमी म्हणाली. लेक न थांबता खाली उतरून गेली.

पाच महिने, बाई जाईपर्यंत, ती दर आठवड्याला जात राहिली. बाई प्रत्येक वेळी नव्याने विचारायच्या, तू कोण, आणि तिचं गाणं तिला पहिल्यापासून शिकवायच्या. कधी मनासारखं झालं तर म्हणायच्या, "जमतंय हळूहळू."