कुणाचं कुणाशी पटत नाही

दोन औषधांचं भांडण माझ्या नणंदेला लगेच कळतं. माणसांचं चार दिवसांनी कळतं, तेही मी सांगितल्यावर.

आमच्या औषध-माहिती केंद्रात लोक फोन करून विचारतात, ही गोळी त्या गोळीसोबत चालेल का. सर्व्हरवर प्रत्येक औषधाची माहिती होती, पण सुटी सुटी. दोघांचं आपसांत काय, ते जाडजूड पुस्तक चाळून सांगावं लागे. नणंदेने वर्षभर खपून यावर ग्राफ डेटाबेस बांधला. एकेक औषध म्हणजे ठिपका. कुणाचं कुणाशी वाकडं, कोण कुणाचा जोर वाढवतं, ते ठिपके जोडणाऱ्या रेषांत. रेषा लाखो. चालू सर्व्हरमध्ये त्या भरत बसलो असतो तर फोनवरची उत्तरं रखडली असती, म्हणून तिने सगळं वेगळ्या मशीनवर रांधून आयतं आणलं. मी फक्त वाढायचं. सर्व्हर माझ्याकडे असतो. कुणी शिकवला नाही, त्याच्याशी भांडत भांडतच शिकले.

केंद्राच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी अट घातली होती. "फोन थांबता कामा नयेत. थांबले तर ते जाळं गुंडाळायचं. पुन्हा विषय नाही."

म्हणजे चालत्या गाडीला डबा जोडायचा, तोही कुणाच्या कपातला चहा हिंदकळू न देता.

दुपारी तयार फोल्डर सर्व्हरवर उतरवून घेतलं. व्यवस्थापनाच्या पानावर नव्या डेटाबेसचं नाव लिहिलं, फोल्डर कुठे आहे ते सांगितलं आणि बटण दाबलं. डॉक्टरीणबाई पाठीशी उभ्या. शेजारी आमची पोपट एका आजोबांशी फोनवर बोलत होती. तिच्याइतकं भरभर कुणी बोलत नाही, म्हणून हे नाव.

सर्व्हर म्हणाला, नाही. फोल्डरला कुलूप आहे, आत दुसरं कुणीतरी आहे.

"आत कोण असणार? आत्ताच तर आणलंय," मी म्हटलं.

"ती कुलपाची फाइल पुसून टाका ना," पोपट माइक झाकून म्हणाली. "नेटवर सगळे तेच सांगतात."

माझं बोट त्या फाइलपर्यंत गेलंही. तेवढ्यात काचेपलीकडच्या खोलीतून नणंद धावत आली, एकाच पायात चप्पल.

"वहिनी, हात लावू नकोस! एका वेळी एकानेच उघडायचं असतं ते. दोघांनी हात घातला तर रेषा तुटतील, आणि कुठल्या तुटल्या ते कळायचंही नाही."

"अगं, पण आत आहे कोण?"

तिचे कान लाल झाले. "मीच."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

मशीनवर ढकलून मोकळं होता आलं असतं. मशीन कुठे उलटून बोलतंय? पण ही सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाली, "सर्व्हरवरचं हेच फोल्डर माझ्या जागेवरून उघडून बघत होते. थायरॉइड आणि लोह, ती रेषा नीट उतरली का ते. चूक माझी. पण चुकीचं उत्तर गेलं असतं, तर तीही माझीच."

"वन्सं," मी म्हटलं. चिडले की मी तिला वन्सं म्हणते. "लेकरू शाळेत सोडायचं तर बोटही सोडावं लागतं."

पायातली ती एक चप्पलही तिथेच टाकून ती परत गेली. काचेतून दिसली: माउसवर हात, मान थोडी वाकडी, जराशी घुटमळलेली. मग तिने बंद केलं.

मी पुन्हा बटण दाबलं. नव्या नावापुढे हिरवा ठिपका उगवला. पोपटची बडबड एका अक्षरानेही अडखळली नाही. सवयीने पुस्तकाकडे गेलेला तिचा हात मात्र अर्ध्यात थांबला. उत्तर समोरच्या स्क्रीनवर उमटलं होतं.

"आजोबा, थांबा! रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर ही गुडघ्याची गोळी नको. रक्तस्राव व्हायची भीती असते. तुमच्या डॉक्टरांकडून दुसरी घ्या."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून स्क्रीनवरचं ते उत्तर दोनदा वाचलं. "राहू दे हे," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे हारतुरेच.

माझ्या समोरचा फोन वाजला. पलीकडे चोरटा आवाज. "थायरॉइडची आणि लोहाची गोळी एकत्र चालते का हो?"

काचेपलीकडे नणंद पाठ करून बसली होती, फोन कानाला. आता तिलाही चारचौघांसारखं दारातूनच विचारणं भाग होतं.

मी शोधलं. रेषा जागच्या जागी होती.

"एकत्र नाही पटत, बाई. मध्ये चार तास ठेवले तर सुखाने नांदतात."

"आणि आपण गं, वहिनी?"

"आपल्याला मध्ये एक काच पुरते," मी म्हटलं. "चप्पल घे येऊन. इथेच राहिलीय."