बांगीचा नकाशा

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वसुधाकाकूंकडून व्यायाम करून घ्यायला सोलांज यायची. तिचं गाव बांगी. "हे कुठे आलं?" काकूंनी विचारलं, आणि विचारल्यावर त्यांचीच त्यांना लाज वाटली. चाळीस वर्षं डॉक्टरकी करून एका अख्ख्या देशाचा पत्ता नाही!

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसर गावच्या ज्येष्ठ मराठी मंडळात दर मंगळवारी एका देशाची ओळख करून देत. काकूंनी विषय कळवला: मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक.

"हे नाव आहे की दिशा?" कार्यक्रम ठरवणारे बाळकाका हसले. "वसुधाताई, इटली घ्या ना."

"इटली तिघांनी केलंय."

"बरं, मग दहाच मिनिटं. सिंहांच्या स्लाइड्स मी ॲड करतो."

मंगळवारी पडद्यावर पहिलाच सिंह आला आणि काकूंनी प्रोजेक्टर बंद केला. काठी टेकत फळ्यापाशी जाऊन त्यांनी मार्करने नकाशा काढला.

"महाराष्ट्राच्या दुप्पट जमीन, माणसं पुणे जिल्ह्याहून कमी. समुद्र नाही. दक्षिणेला उबांगी नदी, तिच्या काठी राजधानी बांगी. बंदर गाठायचं तर ट्रकने कॅमेरून ओलांडायचं. लाकूड, कापूस, सोनं, हिरे बाहेर जातात. बहुतेक लोक शेतीवर जगतात, कसावा पिकवतात. आपला उपासाचा साबुदाणा त्याच कंदाचा."

"हिरे असून गरीब?" मागून मंडळातले एक सभासद, शिव, म्हणाले. "आळशी असणार."

काकू गर्रकन वळल्या. "तिथे फ्रेंचांचं राज्य होतं. पुरुषांनी रबर कमी आणलं तर कंपन्या त्यांच्या बायकांना कोंडून ठेवायच्या. आपण इंग्रजांच्या राज्यात गरीब झालो, ते आळसाने का?"



"ताई, टाइम झाला," बाळकाका म्हणाले. "चहा गार होतोय."

"होऊ दे. माझं संपलेलं नाही."

निम्मे लोक उठून गेले. काकू उरलेल्यांशी बोलत राहिल्या. शेवटच्या रांगेत काकूंनी बोलावलेली सोलांज बसली होती. मराठी तिला कळत नव्हती, नकाशा कळत होता. ती पुढे आली, मार्कर घेतला, नदीचं चुकलेलं वळण पुसून नीट काढलं आणि बांगीच्या खाली एक ठिपका दिला.

"मबाइकी," ती इंग्रजीत म्हणाली. "माझी आई इथे राहते."

मंडळाच्या पुढच्या महिन्याच्या वक्त्यांच्या यादीत काकूंचं नाव नव्हतं. त्यांनी लायब्ररीतली खोली स्वतःच बुक केली आणि बाळकाकांना फोन लावला.

"आता शेजारचा चाड देश. पूर्ण एक तास. आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं."