चारशे बारावी ओळ

सुनीती पाटणकर एकोणीस वर्षं गणित टाइप करत होती आणि तिला गणित येत नव्हतं. लखनौच्या त्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ मंडळी कागद खरडून देत आणि ती ते टाइपरायटरवर उतरवून काढी. सूत्र आलं की वर एक ओळ मोकळी, खाली एक मोकळी, आणि सूत्र लांबलचक असलं तर मध्येही एक. मग दुपारी डबा खाऊन झाला की चष्मा पुसून, बारीक निबाचं पेन घेऊन ती त्या मोकळ्या जागांत हाताने चिन्हं काढत बसे. ग्रीक अक्षरं, घातांकांचे चिमुकले आकडे, उंच मानेचा इंटिग्रल. साताऱ्याहून लग्न होऊन आलेल्या या बाईच्या हातचा इंटिग्रल साऱ्या संस्थेत नावाजलेला होता.

त्र्याण्णव साली तिच्या टेबलावर कॉम्प्युटर आला आणि त्यात टेक नावाची छपाईची व्यवस्था. तिच्यात चिन्ह काढायचं नसे, त्याचं नाव लिहायचं; ते कागदावर कसं मांडायचं हे यंत्र ठरवी. विपुल नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने पंधरा दिवस तिला शिकवलं, तिच्यासाठी मॅक्रो लिहून ठेवले आणि तो परदेशी निघून गेला. मॅक्रो म्हणजे काय, ते सुनीतीने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. घरात नुसतं ‘आज पुरण’ म्हटलं की डाळ भिजवण्यापासून पाट्यापर्यंत सगळं आलं, पुन्हा सांगावं लागत नाही. तसंच हे. एक नाव लिहायचं, पुढे महिरपी कंसात सूत्र ठेवायचं. मध्यभागी आणणं, आकडा घालणं, जागा सोडणं, सगळं त्या नावात आलं.

नकवी साहेबांचं पुस्तक हे तिचं यावरचं पहिलं मोठं काम. अरुंद नळ्यांतून पाणी कसं वाहतं यावर त्यांनी आयुष्य घातलं होतं. दोनशे बारा पानं होती आणि महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. प्रशासनातले सक्सेना सोमवारी सकाळी दारात उभे राहून सांगून गेले, “देखिए पाटणकरजी, शुक्रवार शाम पाँच बजे तक. नहीं हुआ तो मैथ्स का सारा काम दिल्ली की कंपनी को. और आप डिस्पैच में.”

डिस्पॅच म्हणजे पाकिटं आणि डिंक. 

पहिले तीन अध्याय नीट निघाले. चौथ्यात यंत्र अडलं. पडद्यावर इंग्रजीत ओळी आल्या : रनअवे आर्ग्युमेंट, म्हणजे कंसातला मजकूर पळून गेला. पॅराग्राफ संपला, पण मॅक्रो पुरा झाला नाही. ओळ क्रमांक चारशे बारा. आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह, आता तुम्हीच सांगा म्हणून वाट बघत बसलेलं.

“भाग कौन गया, सुनीतीजी?” नकवी साहेबांनी मागून वाकून विचारलं.

“पता नहीं, सर. पकड़ती हूँ.”

तिने चारशे बारावी ओळ काढली. तिथे काहीच नव्हतं. म्हणून ती वर गेली, खाली गेली, एकेक कंस बोट ठेवून मोजला, विपुलचे मॅक्रो वहीतून ताडून पाहिले. सगळं जिथल्या तिथे. सोमवार गेला, मंगळवार गेला. विपुलला पत्र टाकलं तर उत्तराला तीन आठवडे लागणार.

“अगं, भाजीत आज मीठच नाही,” बुधवारी तेलीबागच्या घरी जेवताना विश्वास म्हणाला. तो रेल्वेत इंजिनियर होता आणि बायकोची थट्टा हे आपलं रोजचं काम समजत असे. “आणि काल दुप्पट होतं. सरासरी बरोबर आहे म्हणा.”

“अहो, मला डिस्पॅचला घालतायत.”

विश्वासने हातातला घास खाली ठेवला. “खरंच?” म्हणाला, आणि मग उठून मीठ स्वतःच घेऊन आला.

गुरुवारी सकाळी नकवी साहेब पहिल्या अध्यायाची छापलेली पानं घेऊन तिच्या शेजारी बसले.

“एक बात पूछूँ? बुरा मत मानिएगा.”

“पूछिए ना, सर.”

“यहाँ बात तो वही चल रही है. फॉर्मूले के बाद मैं साँस तक नहीं लेता. फिर आपकी मशीन हर बार नया पैराग्राफ क्यों शुरू कर देती है?”

सुनीतीने पाहिलं. खरंच, प्रत्येक सूत्रानंतरची ओळ थोडी आत सरकून सुरू होत होती, जणू विषयच बदलला. फक्त अकराव्या पानावर तसं नव्हतं. तिने फाइल उघडली आणि दोन्ही जागा शेजारी शेजारी ठेवल्यासारख्या पाहिल्या. जिथे ओळ आत सरकली होती तिथे सूत्राखाली एक मोकळी ओळ होती. अकराव्या पानावर नव्हती.

ती ओळ कुणी टाकली? तिच्याच बोटांनी. सूत्र आलं की जागा सोडायची. बोटांनी तिला न विचारता दोनदा एंटर दाबलं होतं.

तिने एक मोकळी ओळ पुसून पान पुन्हा काढलं. मजकूर सूत्राला येऊन चिकटला, श्वास न घेता.

“सर,” ती हळूच म्हणाली, “इसको खाली जगह दिखती है.”

टाइपरायटरच्या लेखी मोकळी ओळ म्हणजे निव्वळ कोरा कागद. या यंत्राच्या लेखी तो हुकूम होता : इथे परिच्छेद संपला. सुनीतीने चौथा अध्याय उघडला. ती चारशे बाराव्या ओळीवर गेली. वर लांब सूत्राचा अर्धा भाग, खाली अर्धा, दोन्ही एकाच महिरपी कंसात. आणि मधोमध, हाताने चिन्हं काढायला सोयीची म्हणून, तिने सोडलेली जागा. सूत्र पुरं व्हायच्या आत तिनेच परिच्छेद संपवला होता. यंत्र सोमवारपासून नेमकं तेवढंच सांगत होतं. ओळीचा आकडासुद्धा बरोबर दिला होता.

एक कळ दाबली आणि ती ओळ गेली. यंत्र पुढे धावलं आणि पाचशे तीसवर थांबलं. तिथेही तेच.

“अरे, यह भी!” नकवी साहेब लहान मुलासारखे ओरडले. अशा तेवीस जागा निघाल्या; सूत्रांखालच्या मोकळ्या ओळीही तिने पुसल्या. मग मात्र पडद्यावर चौकटी कंसांत तयार झालेल्या पानांचे आकडे उमटायला लागले, एक, दोन, तीन, थांबायचं नावच नाही. सुनीती कधी उठून उभी राहिली तिला कळलं नाही.

अपूर्णांकांच्या रेघा हव्या तेवढ्याच लांब होत्या. पोटात जेवढं असेल तेवढे कंस आपोआप उंच झाले होते. एका परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीतला शब्द बदलला तर पहिली ओळ किंचित हलली. सगळ्या ओळींनी आपसांत बोलून ठरवल्यासारखी. आणि इंटिग्रल. तिने आपला जुना कागद काढून शेजारी धरला. आपल्याला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. पण मनात आलं ते वेगळंच : एकोणीस वर्षं आपण जे काढत होतो ती नक्कल होती, आणि तिचं मूळ आज दिसलं.

शुक्रवारी तीन वाजता, छपाईला घालायच्या ऐन वेळी, नकवी साहेब घडी घातलेला कागद घेऊन दारात आले आणि तिथेच उभे राहिले.

“क्या हुआ, सर?”

“एक समीकरण है. दूसरे चैप्टर का. ग्यारह साल से जेब में है.” ते संकोचून हसले. “पन्द्रहवें नंबर पर आएगा, तो आगे के सारे नंबर बदलेंगे, और जहाँ-जहाँ उनका ज़िक्र है, वह भी. टाइपराइटर पर आधी किताब दोबारा होती. आपसे कैसे कहता? रहने दीजिए.”

सुनीतीने घड्याळ पाहिलं. छपाईलाच तास लागणार. काही बिघडलं किंवा लाइट गेली, तर सोमवारपासून पाकिटं आणि डिंक.

“दीजिए,” ती म्हणाली.

तिने सूत्र लिहिलं. अर्ध्यावर बोट दुसऱ्यांदा एंटरवर गेलं आणि वरच्या वर थांबलं. कंस बंद केला, यंत्र चालवलं. नवं समीकरण दिमाखात पंधरावं बसलं होतं, खालची सरकली होती. पण मजकुरातले सगळे उल्लेख जुन्याच आकड्यांचे. नकवी साहेबांचा चेहरा उतरला.

“नहीं हुआ?”

“रुकिए.” विपुलने सांगितलेलं तिला आठवलं : दरवेळी दोनदा चालवायचं. पहिल्या फेरीत यंत्र नुसतं टिपून घेतं, कोण कुठे बसलंय ते. तिने पुन्हा चालवलं.

सतराचं अठरा झालं होतं. दुसऱ्या अध्यायात, पाचव्यात, थेट नवव्या अध्यायाच्या तळटीपेतही. नकवी साहेब पडद्यावर बोट फिरवत एकेक तपासत गेले. एकही चुकलेला नव्हता.

“इसे बताया किसने?”

“किसी ने नहीं, सर. एक बार पूरी किताब पढ़ी और याद रख ली.”

 नकवी साहेबांनी डोक्यावरची टोपी उगाचच सारखी केली.

पाचला दहा कमी असताना सक्सेना आले. प्रिंटरमधून पानं पडत होती, एकशे सत्तरावं चाललं होतं.

“हुआ?”

“निकल रहा है. बैठिए,” सुनीती मागे न वळता म्हणाली.

ते बसले नाहीत. खरडपट्टी काढायच्या बेताने त्यांनी वरचं पान उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं, उलटं करून पाठ पाहिली आणि पुन्हा सुलटं केलं.

“यह यहीं बना?”

“यहीं.”

सक्सेनांनी पान परत ठेवताना त्याच्या कडा जुळवल्या. “वर्मा साहब की थीसिस आई है,” ते म्हणाले, “दिल्ली भेजने वाला था. सोमवार को आपको दे दूँ?”

“दे दीजिए. पर अभी काग़ज़ ख़त्म होने को है, वह रिम ज़रा पकड़ाइए.”

सक्सेनांनी निमूटपणे रिम फोडला आणि तिच्या हातात दिला.