सुगंधाचा आकडा

डेल्सी आणि सुगंधाची ओळख झाली ती गोव्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, शेजारशेजारच्या खाटांवर. डेल्सी मालवणजवळच्या कोळंबची, लग्नाचे झगे आणि ब्लाउज शिवणारी. सुगंधा कणकवलीच्या आतल्या एका वाडीतली, भात आणि काजूवाल्या घरातली. दोघींनाही लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन गेला होता, त्या तापाने दोघींच्याही हृदयाची तीच झडप खाल्ली होती, आणि एकाच आठवड्यात दोघींच्या छातीत धातूची नवी झडप बसली. दुपारी वॉर्डात सामसूम झाली की एकमेकींची टिकटिक ऐकू यायची. "तुझा घड्याळ पुढे आसा गो," सुगंधा म्हणायची, आणि टाके दुखेपर्यंत दोघी हसायच्या.

झडप बदलली तरी ठोका काही सरळ झाला नाही. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात, त्याला अट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, असं डॉक्टरांनी समजावलं. तिथे रक्त साकळून गुठळी झाली तर ती मेंदूपर्यंत जायची भीती. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी, रोज ठरल्या वेळी, जन्मभर. गोळी नीट लागू पडते की नाही ते बघायला महिन्यातून एकदा आयएनआरची तपासणी. आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्त वाहायची.

घरी जाताना दोघींनी ठरवलं, महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोघींनी रक्त द्यायचं आणि आकडा एकमेकींना कळवायचा. आजाराचं बोलणं तेवढ्यापुरतंच. बाकी सुगंधा व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक बोलून पाठवायची. कोंबडी खुडूक कशी झाली, फणस कोणी पळवला, जावेने काय टोमणा मारला. डेल्सी मशीनवर पाय मारता मारता ते ऐकायची. दोन वर्षं असं चाललं.

मग गेल्या वर्षी सप्टेंबरात आकडा आलाच नाही. डेल्सीने चार वेळा विचारलं, फोन केले. आठ-नऊ दिवसांनी दोन ओळी आल्या. "तबेत बरी नाय होती. आता बरी. फोनचो आवाज बिघडलो, बोलूक गावचा नाय." डेल्सीने मनातल्या मनात सायबाचे, तिच्या येशूचे, आभार मानले. तेव्हापासून सुगंधाचा आवाज बंद झाला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी फक्त आकडा यायचा.

पण तो आता सकाळी सात वाजता यायचा.

पहिल्यांदा डेल्सीच्या हे लक्षात आलं नोव्हेंबरात. सुगंधाचा आकडा आला, २.७. दहाला डेल्सी लॅबमध्ये गेली, दुपारी तिचा रिपोर्ट आला, तोही २.७. "बघ, आमी जुळ्यो," तिने लिहिलं. उत्तर नाही. डिसेंबरात सकाळी ३.१, दुपारी ३.१. जानेवारीत डेल्सीला ताप आला, खोकल्याने चार दिवस झोप नाही. त्या सोमवारी सकाळी सुगंधाकडून ३.९ आला. डेल्सीचा आकडा एवढा वर कधीच गेला नव्हता. ती फोन उशीखाली ठेवून रिपोर्टची वाट बघत पडून राहिली. मॅन्युएल, तिचा नवरा, दुपारी कागद घेऊन आला.

"तीन पॉईंट नऊ," तो म्हणाला. "कित्या गो, असा काय बघतंस?"

तिने त्याला सगळं सांगितलं. मॅन्युएल होडीच्या इंजिनांची दुरुस्ती करायचा, त्याचा विश्वास हातातल्या लोखंडी पान्यावर. "अगो, एकच गोळी, एकच आजार. जुळतले नाय तर काय?"

"आणि सकाळी सातांक तिका रिपोर्ट खंयचो गावता? लॅब उघडता नवाक."

 मॅन्युएल उठून चहा ठेवायला गेला.

फेब्रुवारी जुळला. मार्चही जुळला. आता पहिला सोमवार जवळ आला की डेल्सीचं चित्त थाऱ्यावर नसायचं. सुई बोटात घुसायची आणि त्या गोळीमुळे रक्त थांबता थांबायचं नाही. फडकं दाबून ती बसून राहायची, आणि छातीत ठोका वाटेल तसा पडत असायचा, दोन लगोलग, मग एक विसरल्यासारखा, मग पाच एकदम. लॅबमध्ये जायची तिला भीती नव्हती. सुईची तर कधीच नव्हती. आपला आकडा आपल्याआधी दुसऱ्या कोणाला तरी ठाऊक असतो, हे तिला सहन होईना.

एप्रिलात तिने मुद्दाम वेडेपणा केला. पालेभाजी जास्त खाल्ली की आकडा खाली येतो, हे तिला डॉक्टरांनी बजावलेलं. परसातल्या शेवग्याचा पाला तिने आठ दिवस दोन्ही वेळ खाल्ला. मॅन्युएलला कारण सांगितलं नाही. आपला आकडा आपण पाडायचा, मग बघू कसा जुळतो ते. सोमवारी सकाळी सातला फोन वाजला. तिने उघडला.

१.९.

दुपारी लॅबमधल्या अक्षयाने रिपोर्ट हातात दिला तेव्हा डेल्सीने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "काकी, खूप खाली आलाय, एक पॉईंट नऊ. लगेच डॉक्टरांना दाखवा," अक्षया म्हणाली. डॉक्टरांनी खूप झापलं. अशाने झडपेवर गुठळी धरेल, जिवाशी खेळ करताय तुम्ही. डेल्सी मान खाली घालून ऐकत राहिली. त्यांना काय सांगणार?

त्यानंतर तिने झगडणं सोडलं. मे, जून. जूनमध्ये मशीनच्या कडेवर डावा गुडघा आपटला आणि मांडीपर्यंत काळानिळा डाग पसरला. जुलै, ऑगस्ट. सकाळी आकडा यायचा, ती तो वाचायची, दुपारच्या कागदावर तोच असायचा. सुगंधाला तिने दोनतीनदा विचारलं, "तुका माझो आकडो आदी कसो कळता?" उत्तर आलं नाही. घरी येते म्हटलं, तर उत्तर आलं, "आता नको, मगे सांगतंय."

यंदाच्या सप्टेंबरात डेल्सीचं पोट बिघडलं. जुलाब थांबेनात म्हणून तिने मेडिकलमधून गोळ्या आणून पाच दिवस घेतल्या. जेवण जवळजवळ बंद. दात घासताना थुंकी लाल यायला लागली होती, पण हिरड्यांचं काहीतरी असेल म्हणून तिने सोडून दिलं. अंगात त्राण नव्हतं, तेव्हा या सोमवारी रक्त द्यायला जायचं नाही, पुढच्या सोमवारी बघू, असं तिने रविवारी ठरवलं.

सोमवारी सकाळी सातला फोन वाजला.

७.८.

डेल्सी अंथरुणात उठून बसली. आधी वाटलं, लिहिताना चूक झाली असेल. दोन पॉईंट आठ असेल. मग एकदम मनात आलं, सुगंधाचा जर खरंच सात पॉईंट आठ असेल तर? एवढ्यावर माणसाच्या डोक्यात रक्त फुटतं. तिने लिहिलं, "गोळी घेऊ नको! आत्ता डॉक्टराकडे जा!" फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग तिची नजर स्वतःच्या हातावर गेली. दंडाला आतल्या बाजूने, कुठेही लागलेलं नसताना, नाण्याएवढे तीन निळे डाग उठले होते.

"मॅन्युएल," तिने हाक मारली, "गाडी काढ."

अक्षयाने तपासणी दोनदा केली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "काकी, तुम्ही बसून राहा. चालू नका. काकांना बोलवा."

"सात पॉईंट आठ?" डेल्सीने विचारलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

कुडाळच्या डॉक्टरांनी त्याच दुपारी तिला दाखल करून घेतलं. गोळी बंद, सहा-सहा तासांनी तपासणी, खाटेवरून पाय खाली टाकायचा नाही. मेडिकलमधल्या गोळ्यांचं कळल्यावर ते म्हणाले, "त्या गोळ्यांनी तुमच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर वाढवला. अजून एकदोन दिवस तशाच काढल्या असत्या तर काही खरं नव्हतं. आज तपासायची बुद्धी झाली, नशीब."

तीन दिवसांनी आकडा साडेतीनवर आला. त्या तीन दिवसांत सुगंधाकडून काही आलं नाही. पडल्या पडल्या डेल्सी फोनवरचे जुने निरोप मागे मागे सरकवत गेली. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात सुगंधाचा आकडा होता २.७. डिसेंबरात ३.१. त्यापुढच्या जानेवारीत ३.९. एप्रिलात १.९. या वर्षभरातले सगळे आकडे तिने त्याच्या आधीच्या वर्षी एकदा पाठवलेले होते, त्याच क्रमाने, त्याच महिन्यांत. फक्त ७.८ कुठेही नव्हता. जिथे तो असायला हवा होता, त्या गेल्या सप्टेंबरात डेल्सीचेच निरोप होते. किती इलो? किती इलो गो? बरी आसंस मां?

डेल्सीने फोन पालथा ठेवला. खिडकीतून ऊन येत होतं, बाहेर कोणीतरी बादली घासत होतं.

सुटका झाली त्याच दिवशी तिने मॅन्युएलला गाडी कणकवलीकडे घ्यायला लावली. विचारत विचारत ते वाडीत पोचले. घर कौलारू, अंगणात वाळत घातलेले नारळ. सुगंधाचा नवरा सत्यवान पडवीत बसला होता. हॉस्पिटलात पाहिलेला माणूस आता अर्धा राहिला होता. डेल्सीला बघताच तो उभा राहिला आणि मग खांबाला धरून परत खाली बसला.

"डेल्सीबाय, येवा," तो म्हणाला. "तुमी येतल्यात ह्या माका ठाऊक होता."

"भावोजी, सुगंधा खंय आसा?"

"वरस झाला," सत्यवान म्हणाला.

मॅन्युएलने डेल्सीचा दंड धरला. ती पायरीवर टेकली. सत्यवान खाली बघत सांगत गेला. गेल्या सप्टेंबरात, त्या सोमवारी, सुगंधा कणकवलीहून रिपोर्ट घेऊन आली. सात पॉईंट आठ. डॉक्टर दुसऱ्या दिवशी यायचे होते. "मी म्हटलंय, डेल्सीक धाड, ती काय ता सांगात. तर म्हणता कशी, नको, ती भियातली. उद्या खाली इलो की धाडतंय." चुलीपुढे बसल्या बसल्या तिचं डोकं दुखायला लागलं. संध्याकाळी कणकवलीच्या वाटेवर, रिक्षात, ती गेली.

"आणि तुमचे मेसेज येत होते. किती इलो, किती इलो. ती गेली ता माका लिवूक जमला नाय, फोन बिघडलो म्हणान धाडलंय. वाटला, ह्या कळल्यावर हिचाय काळीज बसात. मगे तिची वही काढलंय. गेल्या वर्षी त्या म्हयन्यात जो आकडो होतो, तोच धाडूक लागलंय. सकाळी गुरांचा करून झाला की पयला ता काम. धाडलंय की तिका एक म्हयनो आणि जगयल्यासारखा वाटायचा." त्याने डोळे पुसले. "आता लिवलेला शेवटचा पान उरला होता. तीन दिस विचार केलंय. मगे म्हटला, खोटा पुरे. ह्यो तिचो आकडो, तो तरी डेल्सीबायक पोचू दे. पुढचा लिवूचा होता, की ती गेली. पण बोट चलला नाय."

"भावोजी, माका ती वही दाखवा."

शाळेतली चौकोनी वही, वर प्लॅस्टिकचं आवरण. प्रत्येक पानावर तारीख, खाली आकडा, आणि समासात सुगंधाच्या बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं. आजाराचं ती फोनवर कधी बोलायची नाही, ते सगळं इथे होतं. डेल्सी वाचू लागली. जानेवारी, ३.९. ताप, खोकला, चार दिवस झोप नाही. एप्रिल, १.९. शेवग्याचा पाला, आठ दिवस, दोन्ही वेळ.  जून. डावा गुडघा आपटला, मांडीपर्यंत काळा.

लिहिलेलं शेवटचं पान तिने सावकाश उलटलं. सप्टेंबर, ७.८. जुलाब. मेडिकलच्या गोळ्या, पाच दिवस. थुंकी लाल.

"काय झाला गो?" मॅन्युएलने विचारलं. तिने वही त्याच्या हातात दिली. तो वाचत गेला, आणि पान्यावर विश्वास असलेल्या त्या माणसाने वाचता वाचता कपाळावर, छातीवर आणि दोन्ही खांद्यांवर क्रूस काढला.

त्यांनी सत्यवानला सगळं सांगितलं. त्याने मॅन्युएलच्या हातून वही घेऊन ते पान पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे तिना तुमका धाडूचो नाय म्हटलेलो, तोच आकडो तुमका वाचवूक इलो." डेल्सी रडली ती तेव्हा. वर्षभर तिला भीती वाटत होती ती ज्या आकड्यांची, त्यांच्यामागे एक म्हातारा होत चाललेला माणूस गुरांचं शेण काढून, हात धुऊन, चष्मा लावून बसत होता. पण समासातल्या त्या अक्षराचं काय करायचं, ते तिला कळेना. ते वर्षभर आधी लिहिलेलं होतं, आणि लिहिणारीने पालाही खरा खाल्ला होता, गुडघाही खरा आपटला होता.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सात वाजले, साडेसात वाजले. फोन गप्प. डेल्सी लॅबमध्ये गेली ती रिकाम्या हाताने गेल्यासारखी. किती येईल याचा काही अंदाज नव्हता, आणि खुर्चीवर बसल्या बसल्या तिला वाटलं, इतकी भीती तर सात पॉईंट आठच्या दिवशीही वाटली नव्हती. दुपारी कागद आला. २.६. तिने तो दोनदा वाचला, आणि सवयीने सुगंधाच्या नंबरवर पाठवला.

थोड्या वेळाने फोन वाजला. पडद्यावर सुगंधाचं नाव होतं, पण बोलणारा सत्यवान होता.

"डेल्सीबाय, बरा झाला. तुमचो आकडो पावलो. मी काय म्हणतंय, वहीत पुढची पाना कोरी आसत. थंय लिवू काय? तुमचा नाव घालून?"

डेल्सीने खिडकीबाहेर पाहिलं. ठोका छातीत चुकत होता, पडत होता.

"नको, भावोजी," ती म्हणाली. "ती वही तिची. माझा मी लिवतंय."

पलीकडे सत्यवानने वहीची पानं चाळली. मग हळूच म्हणाला, "मगे ह्या कोऱ्या पानांचा काय करू?"

 "येत्या आयतवारी आमी येतंव," ती म्हणाली, "मगे बघूया." फोन ठेवून तिने बोटात अंगुस्तान चढवलं आणि अर्धवट राहिलेल्या झग्याची शिवण हातात घेतली.