रद्द करेपर्यंत चालू

धाकट्या बहिणीचं ते पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि टेबलावरच्या पितळी नळाखाली ठेवून दिलं. तो नळ तिच्याच कारखान्यातला. पहिल्या ओतकामात जरा वाकडा निघाला म्हणून मला दिला होता. ‘याला पाणी येणार नाही, पण तुझे कागद तरी जागेवर राहतील,’ म्हणाली होती. तिचं पत्रही मग जागेवरच राहिलं.

पत्र लहान होतं. ‘दादा, मोठं काम आलंय. नव्या वसाहतीचे सगळे नळ आपल्याकडून. माल वर्षभर द्यायचा, पण भाव आजच बांधून मागतात. पितळ म्हणजे निम्म्याहून जास्त तांबंच, उद्या ते चढलं तर मी मेले. एक दलाल म्हणतो, तांब्याचा वायदा घेऊन ठेवा, म्हणजे तुमचाही भाव आजच पक्का. वर म्हणतो, लागतं त्याच्या दुप्पट घ्या, नळात सुटत नाही ते इथं सुटेल. माझं डोकं चालत नाही. तू एवढी पुस्तकं वाचतोस. घेऊ की नको, एवढंच लिही. फोन करू नकोस. फोनवर तू नुसता हं हं करतोस.’

एवढंच लिही! माझी सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. दुसऱ्यानं लिहिलेलं कुठे चुकलंय ते मला दिसतं. पण स्वतःच्या अंगावर घेऊन एक वाक्य लिहायचं म्हटलं की माझा हात आखडतो. मी ठरवलं, आधी विषय नीट समजून घेऊ, मग उत्तर देऊ. हे मला तेव्हा फार जबाबदारीचं वागणं वाटलं होतं.

वाचनालयातून पुस्तकं आणली. वायदा म्हणजे काय ते पहिल्या बैठकीत कळलं. भाव आज ठरवायचा, माल आणि पैसे यांची देवघेव पुढच्या ठरलेल्या महिन्यात. सगळी किंमत आज मोजावी लागत नाही, साधारण दहावा हिस्सा अनामत ठेवायचा. त्याला मार्जिन म्हणतात. रोज बाजार मिटला की हिशेब होतो. भाव तुमच्या बाजूनं सरकला तर खात्यात पैसे येतात, उलटा सरकला तर जातात. गेलेले भरून काढले नाहीत तर दलाल तुमचा सौदा तोडून मोकळा होतो. दहावा हिस्सा ठेवून दहापट माल धरलेला असतो, त्यामुळे भाव किंचित हलला तरी अनामत गदगदा हलते. हे सगळं मी सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. पण उतरवून झाल्यावरही, बहिणीनं हे करावं की नाही, हे काही मला सांगता येईना.

तेवढ्यात तिचाच फोन आला. मागे पॉलिशचं यंत्र किंचाळत होतं.

“दादा, पत्र मिळालं का?”

“हं.”

“मग?”

“वाचतोय.”

“अरे, एक पानाचं पत्र आहे ते!”

“पत्र नाही गं, पुस्तकं वाचतोय. त्या विषयावरची.”

“वाच बाबा वाच. तोवर तांबं चढतंय. वसाहतवाले या शनिवारनंतरच्या शनिवारी सही मागतायत, एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं.”

फोन ठेवल्यावर मी पुस्तक मिटलं. मी जितका वेळ शिकणार तितका तिचा माल महागणार, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मग मी असं काही केलं की जे माझ्या स्वभावात नाही. पोहायचं पुस्तक वाचून कुणी पोहत नाही, असं स्वतःला समजावलं आणि कोपऱ्यावरच्या दलालाच्या कार्यालयात जाऊन खातं उघडलं.

कार्यालय म्हणजे औषधांच्या दुकानाच्या वरची एक खोली. भिंतीला पडदे, पडद्यांवर हिरवे-लाल आकडे, आणि एका टेबलाशी गिऱ्हाइकांचे सौदे लावणाऱ्या डीलरबाई. कानाला सतत फोन, आणि समोरच्या कपातल्या चहावर साय धरलेली. मी आलो की त्या हातानंच ‘बसा’ म्हणायच्या.

“काका, घ्यायचाय की विकायचाय?”

“घ्यायचाय. सगळ्यात लहान असेल तो.”

“छोटा लॉट. अडीचशे किलो तांबं.”

“अडीचशे?” माझा आवाज चिरकला.

“घरी नाही आणायचंय काका. महिना संपायच्या आत कापून टाकायचा. विसरलात तर मात्र टेम्पो करा.” त्या हसल्या, आणि फोनवरच्या माणसाला म्हणाल्या, “नाही हो, तुम्हाला नाही म्हटलं.”

कापणं म्हणजे उलटा सौदा करून मोकळं होणं. घेतलेला असेल तर विकायचा, विकलेला असेल तर घ्यायचा. मी मान हलवली. पुस्तकात होतंच ते.

“स्टॉपलॉस लावू ना?” त्यांनी विचारलं. म्हणजे भाव अमुक इतका पडला तर सौदा आपोआप विकला जावा, असा हुकूम आधीच देऊन ठेवायचा. तोटा तिथंच थांबतो. पुस्तकांनी याची फार स्तुती केलेली होती.

“लावा, लावा.”

“आजच्यापुरता की रद्द करेपर्यंत?”

“रद्द करेपर्यंत,” मी म्हणालो. ते जास्त सुरक्षित वाटलं.

पुढचे दिवस मी माणसात नव्हतो. दात घासताना भाव, दूध तापत ठेवून भाव. दूध उतू गेलं आणि तांबं किलोमागे एका रुपयाने वर गेलं. एका रुपयाने वर म्हणजे मला अडीचशेची कमाई, एवढा गुणाकार ब्रश तोंडात असतानाही यायला लागला. भाव खाली आला की छातीत धडधडायचं, वर गेला की आणखी धडधडायचं, कारण आता तो खाली येणार! शेजारच्या वहिनींनी विचारलं, “भाऊजी, बरं नाही का?” मी म्हणालो, “थोडं तांब्याचं आहे.” त्यांनी मला लोहाच्या गोळ्या घ्यायचा सल्ला दिला.

शेवटी एका दुपारी भाव थोडा चढलेला पाहून मला राहवेना. डीलरबाईंना फोन करायचा तर त्या विचारणार, का विकताय? काय सांगणार, दूध उतू जातं म्हणून? खातं उघडताना त्यांनी मोबाइलवर एक ॲप टाकून दिलं होतं. त्यातच विकण्याचं बटण दाबलं. सौदा तुटला. थोडा फायदा झाला. मी खुर्चीवरून उठून खोलीत चक्क एक फेरी मारली.

दुसऱ्या दिवशीपासून मी तो मोबाइल पुस्तकांच्या कपाटात ठेवला आणि बहिणीला पत्र लिहायला बसलो. ‘तुझ्या प्रश्नाचा मी अनुभवातून अभ्यास केला आहे,’ अशी सुरुवात केली. वाक्य आवडलं. मग पहिलं पान पुन्हा लिहिलं, मग ‘अनुभवातून’ की ‘अनुभवाने’ यावर अडलो. त्यात दोन-तीन दिवस गेले. कपाटात मोबाइल अधूनमधून गुरगुरायचा. जाहिराती असतील म्हणून मी पाहिलं नाही.

मग घरच्या फोनवर डीलरबाई.

“काका, कुठे आहात तुम्ही? मोबाइल उचलत नाही. मार्जिन भरताय की कापू?”

“कशाचं मार्जिन? मी तर बाहेर आहे.”

“बाहेर कुठले? उलटे आत आहात! एक लॉट विकलेला उभा आहे तुमचा.”

“अहो, घेतलेला मी विकला. झालं.”

“आणि तो स्टॉपलॉस?”

मी तसाच चपला घालून निघालो. जिन्यात कळलं की दोन पायांत दोन वेगळ्या चपला आहेत.

काय झालं होतं ते त्यांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. सौदा मी माझ्या ॲपवरून तोडला होता. पण भाव पडला तर विक, हा हुकूम त्यांनी इथून लावला होता, आणि तो रद्द करेपर्यंत चालू राहणारा होता. रद्द कुणीच केला नव्हता. मला वाटलं, सौदाच नाही तर हुकूम कशाचा. त्यांना माझी विक्री दिसलीच नव्हती. परवा सकाळी भाव थोडा वेळ खाली येऊन गेला, तेवढ्यात त्या हुकमानं विकून टाकलं. विकायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून बाजारानं असं धरलं की मी ठरलेल्या महिन्यात अडीचशे किलो तांबं कुणाला तरी देणार आहे. आणि काल कुठल्याशा खाणीत संप झाला. तांबं सुटलं ते वरच, म्हणजे विकलेलं आता मला महागात परत घ्यावं लागणार.

“मी देणार आहे? तांबं?” माझ्या डोळ्यांपुढे टेबलावरचा पितळी नळ आला. घरात धातू म्हणून तेवढाच.

“माझंही चुकलं,” त्या हळू म्हणाल्या. “तुमच्या खात्याला काही लागलेलं आहे का ते मी रोज बघायला हवं होतं. पण आता ते राहू द्या. बोला, कापू?”

“तुम्हाला काय वाटतं? संप मिटेल ना?”

“मिटेलही.”

“मग भाव खाली येईल.”

“येईलही.”

“म्हणजे थांबू?”

“काका, मला वाटून चालत नाही. सौदा तुमचा आहे. कापा म्हणा नाहीतर थांबा म्हणा, पण तोंडानं म्हणा. दोनपर्यंत काही बोलला नाहीत तर सिस्टीम आपलं आपण कापते, आणि तिला भावाचं सोयरसुतक नसतं.”

पडद्यावर तांब्याचा आकडा हिरवा लुकलुकत होता. प्रत्येक वेळी वर. मी पाहत होतो आणि तोंड उघडत नव्हतो. वसाहतीच्या कागदावरची सही उद्या होती, आणि बहिणीनं जे विचारलं होतं तेच आता ही बाई विचारत होती. घेऊ की नको. कापू की थांबू. एका शब्दाचं काम, आणि मी त्याही वेळी मनातल्या मनात टिपण काढत होतो. तेवढ्यात आकडा आणखी सरकला. माझ्या न बोलण्याचे पैसे पडत होते, समोर दिसत होते. तिचे किती पडले असतील, ते दिसण्याची सोय नव्हती.

“कापा,” मी म्हणालो.

“नक्की?”

“कापा हो! आणि त्या खात्याला अजून काही चिकटलेलं असेल तर तेही काढा.”

त्यांनी बटण दाबलं, मग सगळी यादी माझ्यापुढे फिरवली. रिकामी होती. फायदा तर गेलाच होता, वर माझ्या नव्या चष्म्यासाठी ठेवलेलं सगळं गेलं.

तिथल्याच फोनवरून बहिणीला गाठलं.

“ऐकू येत नाहीये रे,” ती यंत्रावरून ओरडली. “लिहून पाठव! उद्या दुपारी बसायचंय त्यांच्याबरोबर. माझ्या भागीदारबाईला दाखवायला कागद लागतो, तोंडाचं ती मानत नाही.”

घरी येऊन ‘अनुभवातून अभ्यास’वालं पान फाडलं आणि एकटाकी लिहिलं.

‘धाकटे, विचारलंस त्याच दिवशी उत्तर द्यायला हवं होतं. आता ऐक. दुप्पट घ्यायचा मुळीच नाही. तुला जेवढं तांबं लागतं त्यापेक्षा वर घेतलेलं प्रत्येक किलो म्हणजे तुझा धंदा नव्हे, जुगार आहे. आधी वसाहतवाल्यांना सांग की तांबं अमुकच्या वर गेलं तर नळाचा भावही वाढेल. हे कागदावर येत असेल तर वायद्याची गरजच नाही. ते अडून बसले तर निम्म्या मालाचा वायदा घे. पण भाव पडला तर तुला रोज पैसे भरावे लागतील. पुढे तांबं स्वस्त मिळून ते भरून निघतील, पण पुढे. कामगारांचा पगार मात्र याच महिन्यात द्यायचा असतो. रोजच्या भरण्यापुरती रक्कम वेगळी निघत नसेल तर सही करू नकोस. काम गेलं तरी चालेल. आणि वायदा घेतलास तर एकाच माणसाच्या हाती ठेव, दोघांनी हात लावायचा नाही, आणि सौदा तोडला की मागे काही लावलेलं राहिलं का ते त्याच मिनिटाला बघ. हे मी कसं शिकलो ते भेटीत सांगेन. हसायचं नाही.’

पुन्हा वाचलं तर ‘मुळीच’ शब्द फार ठाम वाटला. काढावा का? वायदेबाजारात मी दोन आठवड्यांचं पोर. माझं चुकत असेल तर? पेन हातात घेतलं, आणि टोपण लावून खिशात ठेवलं.

टपाल कचेरीत खिडकी बंद व्हायच्या बेतात होती. उद्या सकाळी पोचेल अशा टपालाचे पैसे दिले. खिडकीतल्या माणसानं पाकीट वजनकाट्यावर ठेवलं.

“उद्या दुपारच्या आत पोचेल ना?”

“रात्रीच्या गाडीनं जातंय. पोचेल.”

“आणि समजा, मला एखादा शब्द बदलायचा असला तर…”

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “आजोबा, टाकायचंय की नाही?”

“टाकायचंय,” मी म्हणालो.

त्यानं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.